राखलेली खाट

साईनाथला दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक, रसायनीच्या कारखान्यातली पर्मनंट नोकरी. दुसरी, जगात कुठं काय चाललंय याची खडान्‌खडा माहिती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कारखान्यानं निम्मी माणसं घरी बसवली, तेव्हा कळंबच्या घरी ओट्यावर बसून तो मोबाइलवर एकेका देशाची हजेरीच घेई. जर्मनीत खाटा किती, इटलीचं घोडं कुठं पेंड खातंय, कोरियानं तपासण्या कशा उरकल्या. इंग्लंडची बाजू मांडायला थोरली बहीण प्राची होती. लग्न होऊन ती तिकडं लेस्टरला गेलेली आणि तिथल्या सरकारी दवाखान्याबद्दल माहेराबद्दल बोलावं तसं बोलायची.

"इथं गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच रांग," ती व्हिडिओवर सांगायची. "घरी बोटाला लावायचं यंत्र देतात. ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णवच्या खाली गेला की दवाखाना. वशिला नाय, काय नाय."

"रांगेत मेली त्यांचं काय गं ताई?"

"आणि तुमच्याकडं रांगच नाय त्याचं काय?"

असा बहीणभावाचा सामना रोज रंगायचा. आतून त्यांचे वडील पोपटदादा ओरडायचे, "अरं, जर्मनी नि इंग्लंड सोडा. खाट एक नि माणसं दोन असली तर कोनाला देत्यात, ते सांगा." यावर दोघंही आपापल्या देशाचा नियम सांगत. म्हातारा हसून तंबाखू मळत बसे.

मग एप्रिलात पोपटदादांनाच ताप भरला. तपासणीत तेच निघालं. मागच्या खोलीत त्यांची खाट टाकली आणि त्यांच्याजवळ एकट्या सोनुबाईनं, साईनाथच्या आईनं, जायचं असं ठरलं. ठरलं कसलं, तीच म्हणाली, "मी हायेच की आधीपासून त्यांच्याजवळ, आता वेगळं काय व्हनार?" साईनाथनं मुलाला घेऊन माडीवर राहायचं, त्याची बायको नम्रतानं जेवणाचं ताट दारात ठेवायचं. सोनुबाई नवऱ्याला जेवू घालायची आणि मग त्याच ताटात स्वतः जेवायची. लग्न झाल्यापासूनची तिची ती रीत होती. तापाच्या दिवसांतही ती मोडली नाही, आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. सगळ्यांचं ध्यान म्हाताऱ्याकडं होतं.

साईनाथनं नेरळवरून बोटाला लावायचं यंत्र आणलं. दिवसातून तीनदा आई दाराआडून आकडा ओरडायची आणि साईनाथ तो लेस्टरला कळवायचा. सत्त्याण्णव. शहाण्णव. प्राची तिकडून शाबासकी द्यायची, जणू आकडा भावानंच मिळवला होता.

पुढं एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. पोपटदादांचा ताप उतरला, खोकला कमी झाला, त्यांनी सुकटाची चटणी मागून घेतली. आणि आकडा मात्र खाली यायला लागला. त्र्याण्णव. दुसऱ्या दिवशी एक्क्याण्णव.

"पण बाबा तर चांगले बोलतात गं," तो म्हणाला.

"तोच तर धोका," प्राची म्हणाली. "इथं डॉक्टर हेच सांगतात. माणूस हसतो, बोलतो, खातो आणि आत ऑक्सिजन संपत असतो. वरच्या दिसण्यावर जाऊ नकोस, साई. आकड्यावर जा."

साईनाथला ते पटलं. शिकलेल्या माणसाला आकड्याचं पटकन पटतं. दाराआडून आईचा आवाज बारीक येत होता, शब्द तुटत होते. जागरणानं थकली असेल बिचारी, असं त्याला वाटलं.

त्या सकाळी आकडा आला शहाऐंशी.

कर्जतला खाट नव्हती. बदलापूरला नव्हती. शेवटी कारखान्यातल्या संतोषच्या मेहुण्यानं खोपोलीत कुणाला तरी फोन केला, आणि शिळफाट्याच्या अलीकडं एका मंगल कार्यालयात उघडलेल्या सेंटरमध्ये ऑक्सिजनची एक खाट निघाली. वशिला नसता तर तीही निघाली नसती. पोपटदादा गाडीत बसायला तयार नव्हते. शेजारच्या वाघ्याला असंच नेलं होतं आणि तो प्लास्टिकात बांधलेला परत आला होता. घरच्यांना तोंडसुद्धा बघू दिलं नव्हतं. "मला काय झालंय? मला कशाला नेता?" म्हातारा ओरडत होता. सोनुबाई चौकटीला धरून उभी होती. "जावा वं," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

मंगल कार्यालयात स्टेजवर अजून कुठल्याशा लग्नाची सुकलेली झालर लटकत होती. खाली ओळीनं खाटा, ओळीनं सिलिंडर, आणि सगळ्या हॉलला मिळून वनिता नावाची एक सिस्टर. तिनं पोपटदादांना कोपऱ्यातल्या खाटेवर बसवलं आणि बोटाला यंत्र लावलं. मग दुसऱ्या बोटाला लावलं. मग ते झटकून आपल्या बोटाला लावून पाहिलं.

"पंच्याण्णव आहे यांचं. शहाऐंशी कुणी सांगितलं?"

"घरी रोज मोजतोय आम्ही," साईनाथ म्हणाला.

पोपटदादा मुलाकडं बघत राहिले. "माझं कवा मोजलं? मी त्या यंत्रात बोटच घातलं नाय. वाघ्यानं घातलं नि गेला. मी तुझ्या आयेला तवाच सांगितलं, माझ्याजवळ आनू नको म्हनून."

साईनाथ धावत बाहेर आला आणि घरी फोन लावला. नम्रतानं फोन आईच्या कानाला धरला.

"त्ये घालू देत नवते रं," सोनुबाई एकेक शब्द ओढत म्हणाली. "तू तर दारात… वाट बघायचा. खोटा आकडा कसा सांगू? म्हनून माझं बोट घातलं."

"आये, मग आकडा उतरला तवा बोलायचं नाय?"

"मला वाटलं, त्यांचंबी तेवढंच असंल. एका ताटात… जेवतो आमी."

पुढं नुसता श्वास ऐकू येत होता. साईनाथला रडू फुटलं. पण रडायला उसंत नव्हती. नम्रतानं शेजारचा टेंपो काढायला लावला. कळंबवरून इथवर यायला किती वेळ लागतो हे त्याला पाठ होतं.

आत आला तर वनिता सिस्टर सांगत होती, "आजोबा, उठा. तुम्हाला खाटेची गरज नाही."

"माझी बायको येतेय."

"येईल तेव्हा बघू. खाट राखून ठेवता येत नाही इथं. समोर येईल त्याला द्यायची."

पोपटदादांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा तो गादीवर पसरला आणि त्याच्यावर मांडी घालून बसले. जो माणूस दवाखान्याच्या नावानं गाडीत बसत नव्हता, तो आता त्या खाटेचा कठडा दोन्ही हातांनी धरून होता. सिस्टर आणखी काही बोलणार, तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून कुणी हाक मारली आणि ती धावली.

मग ती रिक्षा आली. एका माणसानं आपल्या मुलीला दोन्ही हातांवर उचलून आणलं. विशीची असेल. ओठ काळेनिळे पडले होते, डोळे उघडे होते. त्यानं हॉलभर नजर फिरवली आणि त्याला बसलेला माणूस दिसला. तो सरळ खाटेशेजारी उभ्या साईनाथकडं आला.

"दादा, काका तर बरे वाटतात. माझ्या सोनालीला थोडा वेळ तरी… तासभर."

साईनाथनं मुलीकडं बघितलं. त्याला उठवायचंच होतं बापाला, अगदी जिभेवर आलं होतं. आणि कानात आईचा श्वास होता.

"दिसतात बरे," तो म्हणाला. "या रोगात असंच असतं. आत ऑक्सिजन शहाऐंशी आहे."

पोपटदादांनी मान खाली घातली. त्यांनी बाजूचा मास्क उचलला आणि स्वतःच्या तोंडाला लावला.

सिस्टर परत आली. तिनं खाटेकडं पाहिलं, साईनाथकडं पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. पण चार माणसं लावून म्हाताऱ्याला ओढायचं तर माणसं कुठं होती? "पनवेलला न्या, लगेच न्या," ती त्या बापाला म्हणाली. रिक्षा गेली. आणि फार वेळ झाला नव्हता तोच परत आली. या वेळी तिला कसलीच घाई नव्हती. मागचा पडदा खाली सोडलेला होता, आणि तो माणूस ड्रायव्हरशेजारी बसून समोर बघत होता.

टेंपो त्यानंतर आला. सोनुबाईला उचलून आणलं तेव्हा पोपटदादा उठले, टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला, आणि स्वतःच्या तोंडावरचा मास्क काढून त्यांनी तिच्या तोंडावर लावला. सिस्टरनं सिलिंडरचा कॉक वाढवला. अंधार पडेपर्यंत आकडा नव्वदवर आला. सोनुबाईनं डोळे उघडून विचारलं, "भाईर कोन रडतंय?"

"कोनी नाय," पोपटदादा म्हणाले.

साईनाथ बाहेर पायरीवर जाऊन बसला. लेस्टरवरून फोन वाजत होता. आई वाचेल असं कळल्यावर प्राची रडली, हसली, पुन्हा रडली. मग सवयीनं तिनं विचारलं, "पण खाट मिळाली कशी रं? तिथं कोणाला द्यायची, काय नियम हाय त्यांचा?"

रिक्षा अजून आवारातच उभी होती.

"नियम नाय गं ताई," साईनाथ म्हणाला. "बाबा उठले नाय, म्हणून मिळाली."