गेटवर दाखवायचा मीटर

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेन एवढाच मी आहे. अंग पिवळे, पाठीला चिमटा आणि पुढे आकडे दिसणारा छोटासा पडदा. मी विषारी वायू ओळखणारा मीटर आहे आणि आता जुना झालो आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट सांगताना शेवटी 'आम्हाला जपा' अशी विनंती करतात. माझ्याकडून तसे काही ऐकायला मिळणार नाही. मला एका माणसाने फार जपले, आणि त्याचाच मला संताप आहे.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे बांधणी झाल्यावर आम्हा सगळ्या मीटरांना नळीतून थोडा थोडा विषारी वायू हुंगायला देत. जो जोरात ओरडेल तो पास, जो गप्प राहील तो भंगारात. म्हणजे ओरडणे हेच आमचे काम. दुसरे आम्हाला काही येत नाही.

मला विकत घेतले ओवे गावच्या प्रितमने. त्याच्या वडिलांची जमीन शहराच्या पोटात गेली तेव्हा आलेल्या पैशांतून त्याने टँकर आणि पंप घेतले आणि टाक्या साफ करण्याची कंत्राटे घेऊ लागला. पनवेलजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्याला मोठे काम मिळाले. तिथली अट कडक होती. मीटर, दोर आणि पट्टा नसेल तर कंत्राटदाराची गाडी गेटच्या आत येणार नाही. प्रितमने मला घेतले ते या अटीपायी, हौसेने नव्हे.

त्याच्या माणसांमध्ये भगवान सगळ्यांत वडील. तोही ओव्याचाच. वयाने मोठा म्हणून प्रितम त्याला दादा म्हणायचा. टाकीत उतरायचे ते भगवानने. त्याची बायको जनी आणि तिचा भाऊ काशिराम वरून बादल्या ओढायचे. भगवान आधी मला दोराला बांधून खाली सोडायचा, वर ओढून माझ्याकडे नीट बघायचा, मग मला छातीवर अडकवून स्वतः उतरायचा.

एके दिवशी मी खाली गेलो तो ओरडतच सुटलो. प्रितम वैतागला. ओलीमुळे यंत्र बिघडले असेल, काम थांबवू नका, असे म्हणू लागला. तेवढ्यात तिथल्या सेफ्टी ऑफिसर वसुंधरा मॅडम आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "या गेटच्या आत आलेला प्रत्येक माणूस माझी जबाबदारी आहे, मग त्याचा पगार कोणीही देवो. मीटर ओरडतोय तोवर खाली कोणी जाणार नाही." मोठा पंखा आणून टाकीत हवा सोडली. मी गप्प झालो तेव्हा दुपार उलटली होती. भगवानने मला आपल्या सदऱ्याला पुसले आणि जेवताना जनीला सांगितले की याच्यामुळे आज मी भाकरी खातोय. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत मोठे कौतुक.

मग प्रितमने गृहसंकुलांची कामे घ्यायला सुरुवात केली. तिथे गेट होते, पण गेटवर वसुंधरा मॅडम नव्हत्या. त्यामुळे मी गाडीतच राहू लागलो. पुढच्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेला. कंपनीच्या कामाला जाताना प्रितम मला काढायचा, पडदा लख्ख पुसायचा, गेटवर दाखवायचा. बाकी दिवस खणाला आणि गाडीला कुलूप. महागाचे यंत्र आहे, घाणीत कशाला खराब करायचे, असे तो म्हणायचा. माणूस घाणीत उतरलेला त्याला चालत होता.

करंजाड्याच्या एका सोसायटीत गणपती बसायच्या आधी सांडपाण्याची टाकी साफ करायची होती. मंडप टाकीला लागूनच पडणार होता आणि वास येऊन चालणार नव्हते. अध्यक्ष कृष्णकांत साहेब नोकरीतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. त्यांनी दर विचारला, काम कधी संपेल ते विचारले. माणसे खाली कशी उतरणार, हे मात्र विचारले नाही.

त्या सकाळी भगवान गाडीच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "प्रितम, मीटर दे."

"दादा, ही काय कंपनी नाय," प्रितम म्हणाला. "तो वरडत बसला तर दिवस फुकट जाईल. उद्या मंडप घालायचा हाय त्यांना."

भगवान हलेना. हवा बघितल्याशिवाय आमी उतरत नाय, असे तो पुटपुटला. तेव्हा प्रितमने आवाज न चढवता सांगितले की नको असेल तर राहू दे, मी दुसरी माणसे बघतो, मग कंपनीच्या कामालाही तीच येतील. एवढे बोलून त्याने गाडीला कुलूप लावले आणि कृष्णकांत साहेबांबरोबर चहाला गेला. भगवान झाकणाकडे गेला. मी फडक्यात गुंडाळलेला होतो. माझे बटण कोणी दाबले नव्हते.

सांडपाण्यातला विषारी वायू लबाड असतो, मित्रांनो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार वाढला की तो नाकच बधिर करतो आणि माणसाला वाटते की वास गेला. भगवान शिडीने उतरला, दोन बादल्या वर आल्या, तिसरी आलीच नाही. जनीने हाक मारली. खालून पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती काशिरामला धरणार तोच तो शिडीवरून खाली धावला, आणि अर्ध्या वाटेवर त्याची मान कलली. तो शिडीतच अडकून लोंबकळत राहिला.

वॉचमन धावला. शेजारच्या बांधकामावरची माणसे धावली. जो तो आत उतरायला बघत होता. जनी टाकीच्या तोंडावर आडवी पडली आणि म्हणाली की जो जाईल तो मरेल. पण घाईत कोण ऐकतो? तेव्हा ती उठली, एक धोंडा उचलला, गाडीची काच फोडली, खण उचकटला आणि मला बाहेर काढले. काचेने तिचा हात फाटला होता. तिने माझे बटण दाबले, बादलीच्या दोराला मला बांधले आणि आत सोडले.

मी ओरडलो. असा ओरडलो की वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी गॅलरीत येऊन खाली पाहिले. उतरायला निघालेली माणसे मागे सरली. अग्निशमन दलाचे जवान तोंडाला हवेचे मुखवटे लावून उतरले आणि त्यांनी दोघांना वर आणले. काशिरामचा श्वास चालू होता. भगवानचा नव्हता. मलाही दोराने वर ओढले, तरी त्याच्या भिजलेल्या कपड्यांतल्या वायूने मी ओरडतच होतो. ज्या छातीवर मी इतके दिवस अडकलो होतो, तिच्या शेजारी पडून ओरडत होतो. तासभर आधी हेच केले असते तर तो माणूस घरी गेला असता.

पोलीस ठाण्यात प्रितमने काय करावे? त्याने माझ्याकडेच बोट दाखवले. मीटर आम्ही दिला होता साहेब, भगवानदादाने तो वापरलाच नाही, असे तो म्हणाला. मला त्याने आपली ढाल केले. कृष्णकांत साहेब म्हणाले की आम्ही कंत्राट दिले होते, जबाबदारी त्यांची.

जनी कोपऱ्यात बसली होती. हाताला पट्टी होती. ती उठली आणि निरीक्षकांना म्हणाली, "साहेब, मीटर माज्या नवऱ्याकडं होता, तर मी गाडीची काच कशाला फोडली?"

निरीक्षक बाहेर जाऊन ठाण्यात आणलेली ती गाडी बघून आले. प्रितमला अटक झाली, पुढे जामीनही मिळाला. खटला चालू आहे आणि त्यात कृष्णकांत साहेबांचेही नाव आहे. वसुंधरा मॅडम जबाब द्यायला आल्या होत्या. प्रितमचे काम त्यांच्या कंपनीने बंद केले होते. जाताना त्या जनीजवळ थांबल्या आणि म्हणाल्या की आमच्या गेटबाहेर तो माणसांना कसा वागवतो, हे आम्ही कधी पाहिले नाही.

मी पुरावा म्हणून ठाण्यातल्या कपाटात आहे. मध्यंतरी एक हवालदार दुसऱ्याला सांगत होते ते मी ऐकले. ती टाकी अर्धवटच राहिली होती. सोसायटीने नवा कंत्राटदार आणला. जनीला कळले, तशी ती करंजाड्याला गेली आणि टाकीच्या झाकणावर जाऊन बसली. मीटर दाखवा, पंखा लावा, मग उठते, एवढेच तिचे म्हणणे. तिला हटवायला पोलिसांना बोलावले. गेले ते हेच हवालदार, पण त्यांनी तिला हटवले नाही. ते कंत्राटदाराला म्हणाले की यंत्र आण, मी इथेच थांबतो. सोसायटीतली तुमच्याएवढी काही मुले खाली उतरली आणि जनीच्या शेजारी बसली. त्यांचे आईवडील वरून हाका मारत होते, तरी ती उठली नाहीत. दुपारी पंखा आला, मीटर आला, आणि तो खाली सोडताच ओरडला. त्या दिवशी खाली कोणी उतरले नाही. हवा सुधारल्यावर दुसऱ्या दिवशी काम झाले आणि सगळी माणसे वर आली.

मित्रांनो, तुमच्याही इमारतीखाली अशी टाकी आहे. ती साफ करायला माणसे येतील तेव्हा घरातून खाली अंगणात जा आणि मीटर कुठे आहे ते विचारा. आणतो, असे कोणी म्हणाले तर तो येईपर्यंत झाकणावरून उठू नका.