फुसाएच्या शेजारची जागा

तोकुजी कुवाबारांनी लाकडी ओगराळ्यातलं पाणी आधी डाव्या हातावर ओतलं, मग उजव्यावर, आणि चूळ भरायला ओंजळ तोंडाशी नेली तोच आत देवळात ढोल वाजला. चूळ राहूनच गेली. ओगराळं उपडं ठेवून ते अंगणाकडे झपाझप निघाले. मग आपण घाई करतोय हे त्यांच्याच ध्यानात आलं आणि त्यांनी पाऊल आवरलं.

सकाळी त्यांच्या बायकोने, फुसाएने, त्यांचा काळा कोट इस्त्री करून कपाटाच्या दाराला अडकवून ठेवला होता. "चला की हो लग्नाला," एवढंच ती म्हणाली. ते गुडघा दुखतोय म्हणाले आणि ती पुन्हा विचारेल म्हणून वाट पाहत राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही. टॅक्सी आली, फुसाए निघून गेली. घर इतकं शांत झालं की त्यांना बसवेना. अंगावरच्या रोजच्या जाकिटातच ते आगगाडीने आले, आणि कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून देवळामागच्या रानाकडच्या कमानीतून आत शिरले.

त्यांच्या मुलीने, चिनात्सुने, निवडलेला माणूस तिच्याहून बराच मोठा होता आणि त्याचा एकदा घटस्फोट झाला होता. वसंतात तो भेटायला आला तेव्हा तोकुजी माडीवरच बसून राहिले. खाली तो चहा पीत, फुसाएशी हवापाण्याच्या गप्पा मारत कितीतरी वेळ थांबला आणि शेवटी जिन्याकडे वाकून नमस्कार करून गेला. त्या संध्याकाळी ते मुलीला म्हणाले होते, "दुसरीने टाकलेलं उचलायला तुला वाढवली नाही मी."

चिनात्सु रडली नाही की भांडली नाही. "मग लग्नाला येऊ नका, बाबा," म्हणाली.

एवढ्या दोन वाक्यांवर उन्हाळा गेला, पानगळ आली. तिला लावायला म्हणून फोन त्यांनी अनेकदा उचलला होता. पण मुलीने आधी काहीतरी बोलावं, असं त्यांना वाटत राहिलं.

अंगणात बघ्यांची गर्दी होती. ते एका जुन्या कापराच्या झाडाशी उभे राहिले. वरात समोरूनच येत होती. पुढे पुजारी, त्यांच्यामागे लाल-पांढऱ्या वेशातल्या देवळातल्या दोन मुली, मग मोठ्या लाल छत्रीखाली नवरानवरी. चिनात्सु नखशिखांत पांढरं नेसली होती, आणि पांढऱ्या टोपडीने तिचा चेहरा ओठांपर्यंत झाकला होता. मागे नातलग जोडीजोडीने चालत होते. फक्त नवरीच्या अगदी मागे चालणारी फुसाए एकटी होती. तिच्या शेजारी आज तिचा भाऊ चालेल असं तोकुजी धरून चालले होते. पण भाऊ मागच्या ओळीत होता. फुसाएच्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी सोडलेली होती, आणि ती जागा वरातीबरोबर पुढे पुढे येत होती.

"नवरी किती नाजूक आहे हो," शेजारी उभी असलेली एक म्हातारी म्हणाली. "तुमच्यापैकी कोणी?"

"नाही, नाही. मी आपला सहज फिरायला आलोय."

वरात त्यांच्यासमोर आली आणि रेंगाळली. किमोनो जड असेल, पायाखाली खडी आहे, असं त्यांच्या मनात आलं. पुजारी पुढे गेले. त्यांच्यात आणि नवरीत अंतर पडलं. ती मोकळी जागा हाताच्या अंतरावर होती. तोकुजींनी आपल्या जाकिटाकडे पाहिलं, बाहीवर चहाचा डाग होता. ते दोन पावलं मागे, झाडाच्या आड सरकले. खडी पुन्हा करकरू लागली. त्यांनी डोकं बाहेर काढलं तेव्हा शेवटची जोडी दारातून आत जात होती.

फुसाए दिवेलागणीला परतली. लग्नाच्या जेवणाचा डबा तिने त्यांच्यापुढे ठेवला आणि किमोनोवरचा कमरेचा पट्टा सोडायला बसली. चिनात्सु विचारत होती म्हणाली, बाबा जेवले असतील का.

तोकुजींनी डब्याचं झाकण काढलं. आत शुभकार्याचा लाल भात होता. झाकण बाजूला ठेवून ते म्हणाले, "तू मला पाहिलंस ना? म्हणून हळू चाललीस."

"मी कुठे पाहिलं?" फुसाए पट्ट्याची घडी घालत म्हणाली. "मी मान खाली घालून चालले होते. तिनेच पाहिलं. त्या टोपडीखालून तिला बघ्यांचे पाय तेवढे दिसत होते. तुम्ही एका पायावर भार देऊन उभे राहता ना. मला हळूच म्हणाली, आई, बाबा आलेत. सावकाश चालू या, त्यांना येऊ दे."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. "पुजारी पुढे गेले होते. कुठवर थांबणार?"

भात थंड झालाय, गरम करून देते, असं म्हणत तिने हात पुढे केला. तोकुजींनी डबा आपल्याकडे ओढून घेतला आणि तसाच खायला सुरुवात केली.