शाल नको, पत्र हवं

आमच्या ह्यांचा स्वभावच असा, की चप्पल तुटली तर सातपूरपर्यंत अनवाणी चालतील आणि कुणी विचारलं तर म्हणतील, पायाला मोकळं बरं वाटतं. हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तरीही ह्यांच्या अंबडच्या कंपनीनं प्रेस शॉप, म्हणजे हे काम करायचे तो पत्रा दाबायचा विभाग, बंद करायचं ठरवलं आणि हे घरी येऊन, जणू भाजी काय आणू असं विचारावं तसं, म्हणाले की मी राजीनामा देतोय, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

कंपनीनं दोन वाटा ठेवल्या होत्या. जे राजीनामा लिहून देतील त्यांचा शनिवारी निरोप समारंभ, शाल-श्रीफळ, साहेबांचं भाषण, फोटो. जे देणार नाहीत त्यांना गेटवरच कामगार कपातीचं पत्र. पैशात फार फरक नाही, असं मॅनेजर म्हणाला. मग कंपनीला राजीनाम्याची एवढी हौस का, असं मी विचारलं, तर ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. पेपर उलटा नव्हता, पण वाचत काही नव्हते.

मला कारण माहीत होतं. माझे सासरे, सावळीराम आबा, एका कारखान्यात वॉचमन होते. भंगार चोरल्याचा आळ आला आणि त्यांना काढलं. चोर दुसराच निघाला, पण तोवर कॉलनीत सगळ्यांनी बोलून घेतलं होतं. हे तेव्हा शाळेत होते. मैदानावर पोरं म्हणायची, काढलेल्याचा पोरगा आला. आबा गेले, कॉलनीत नवी बिऱ्हाडं आली, लोक ते सगळं विसरून गेले. विसरला नाही तो एकच माणूस, माझा नवरा.

त्यात रविवारी इगतपुरीहून नवनाथदादा येणार होते. आमच्या मनालीचे होणारे सासरे, रेल्वेत नोकरीला. साखरपुड्याची तारीख ठरायची होती. ह्यांनी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं: शालीतला फोटो दाखवायचा आणि सांगायचं, बस झालं आता, स्वतःहून सोडली नोकरी.

मी ब्लाउज शिवते. शेजारची राखी माप द्यायला आली होती, तिच्याकडून कळलं की पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो त्याचा दवाखान्यापलीकडेही उपयोग असतो, नोकरी गेली तर भत्ता मिळतो. दुसऱ्या दिवशी मी शिलाई तशीच टाकून ईएसआयच्या ऑफिसात गेले. ह्यांना सांगितलं नाही. सांगून काय, चार शब्द ऐकावे लागले असते.

तिथं तृप्ती मॅडम होत्या. आधी त्यांनी मला दोनदा थांबायला लावलं, तिसऱ्यांदा मीच खुर्ची ओढून बसले. मग मात्र नीट सांगितलं. म्हणाल्या, एक भत्ता थोड्या महिन्यांचा असतो आणि एक लांब मुदतीचा, त्यात घरच्यांचा दवाखानाही चालू राहतो. वर्गणी पुरेशी वर्षं भरलेली हवी. ती ह्यांची होतीच. पण लांबच्या भत्त्याची खरी मेख पुढे होती.

"नोकरी गेली कशी, ते बघतात," त्या म्हणाल्या. "स्वतः सोडली असेल तर नाही. वय झालं म्हणून निवृत्त झाले तर नाही. काही गैर वागले म्हणून काढलं असेल तरी नाही. कारखाना बंद पडला, कपात झाली, म्हणजे ज्यात कामगाराची चूक नाही, तरच."

मी त्यांना ते शेवटचं परत सांगायला लावलं. त्यांना वाटलं मला कळलं नाही. मला चांगलं कळलं होतं. एवढी वर्षं हा माणूस ज्या गोष्टीला ‘काढलं’ हे एकच नाव देऊन घाबरत होता, सरकारनं तिच्या दोन वेगळ्या खोल्या केल्या होत्या, एक चूक असलेल्यांची, एक नसलेल्यांची, मध्ये भिंत घालून. आबा पहिल्या खोलीत ढकलले गेले, तेही खोट्या आळानं. आणि हा शहाणा आपल्या पायानं राजीनाम्याच्या तिसऱ्याच दारातून बाहेर पडायला निघाला होता, तेही शालीसाठी.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. भत्ता, दवाखाना, मनालीचं लग्न, सगळं. हे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले की नवनाथदादांसमोर मी काढलेला माणूस म्हणून बसणार नाही. मी म्हटलं, मग उपाशी बसा, शाल पांघरून. बोलले मी ते, आणि मला वाईटही वाटलं. आवाज खाली आणून मी तृप्ती मॅडमचं वाक्य होतं तसं सांगितलं, ज्यात कामगाराची चूक नाही.

ह्यांनी भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडे बघितलं. मग विचारलं, "असं लिहून देतात?"

"मागून घ्यायचं," मी म्हटलं.

शनिवारी कंपनीत मांडव घातला होता. ह्यांनी राजीनामा लिहून दिला नव्हता, पण नाव यादीत आधीच गेलेलं, त्यामुळे स्टेजवरून पुकारलंसुद्धा. हे गेले नाहीत. गेटवर, जिथं कपातीची पत्रं वाटत होते, त्या रांगेत उभे राहिले. मॅनेजर धावत आला, ह्यांना म्हणाला, धम्मपाल, अहो तुमची शाल आहे वर. ह्यांनी सांगितलं, शाल नको, पत्र हवं, आणि त्यात कारण नीट लिहा, कामाबद्दल तक्रार नाही हेही लिहा. मॅनेजर आधी चिडला, मग म्हणाला साहेब बिझी आहेत. हे भाषणं संपेपर्यंत तिथंच उभे राहिले. मांडव सोडायला माणसं आली तेव्हा पत्र मिळालं. हे सगळं मला ह्यांनी सांगितलं नाही, त्यांच्याबरोबरच्या एकानं सांगितलं.

पत्र ह्यांनी मला वाचायला दिलं. प्रेस शॉप कायमचं बंद केल्यामुळे आपली सेवा संपुष्टात येत आहे. आपल्या कामाबद्दल व वर्तणुकीबद्दल कंपनीची कोणतीही तक्रार नाही. मी वाचलं. हे म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. मग मनालीकडून वाचून घेतलं.

रविवारी नवनाथदादा आले. जयभीम झाला, पाणी झालं. मी आत चहा ओतत होते आणि कान बाहेर होते. दादांनी सहजच विचारलं, कंपनी काय म्हणतेय. सगळे विचारतात तसं. माझ्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. हे आता काय म्हणतील, मला माहीत होतं. पायाला मोकळं बरं वाटतं.

"मला कामावरून काढलं, दादा," हे म्हणाले. "शॉप बंद झालं. माझी चूक नव्हती."

मी दारात आले. हे दादांकडे बघतच नव्हते. दादांच्या डोक्यावरून, भिंतीवरच्या आबांकडे बघून बोलत होते आणि डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला तिथंच रडू आलं.

नवनाथदादा खुर्चीत जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "लेखी घेतलंत ना?"

ह्यांनी खिशातून पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. दादांनी ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. साखरपुड्याची तारीख चहा पिता पिता ठरली.

ते गेल्यावर ह्यांनी खुर्ची ओढली, वर चढले आणि आबांच्या तसबिरीची काच सदऱ्याच्या बाहीनं पुसली. मी खाली खुर्ची धरून उभी होते. वरूनच म्हणाले, "आबांनापण कुणीतरी असं लिहून द्यायला हवं होतं गं."