मागचं धूसर

दादाने डीएसएलआर घेतला तेव्हापासून त्याचं एकच पालुपद होतं, "माणूस लख्ख, मागचं धूसर! मोबाइलच्या बापालाही जमायचं नाही." कॅमेरा सगळ्यात स्वस्तातला, पण मिरवणं असं, की जणू यानेच शोध लावलाय.

आई गेली आणि भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसलो. दादाच्या मुलीच्या पापण्या मोजता याव्यात इतक्या स्पष्ट होत्या. वहिनीचे कानातले स्पष्ट, केकवरची मेणबत्तीसुद्धा स्पष्ट. आई मात्र प्रत्येक फोटोत मागे. कुठे ताटल्या गोळा करताना, कुठे नातीचा स्वेटर धरून. आणि मागचं सगळं धूसर.

"स्टुडिओवाला करेल काहीतरी," दादा पुटपुटला.

"जे टिपलंच नाही, ते तो कुठून आणणार?" मी फाडकन म्हणाले. "एकदा तरी तिला पुढे बोलवायचंस!"

त्याने खाली मान घालून पुढचा फोटो उघडला. त्यात आई एकटीच होती. "माझा नको रे, अवतार बघ माझा," म्हणत तिने लेन्ससमोर पंजा धरला होता. इस्त्रीने भाजल्याचा डाग, भांडी घासून उललेली बोटं, सगळं लख्ख. पंजामागचा चेहरा धूसर.

दादा घाईने पुढे जायला लागला. मी त्याच्या हातातून माउस काढून घेतला.

"हाच लावायचा," मी म्हणाले. "तिचं एवढंच आपल्याला नीट दिसलंय."