लेंगा आणि बादली

तंबू शिवणाऱ्या त्या दोन खोल्यांत सगळे तिला मास्तर म्हणत. बाईमाणसाला मास्तर का, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, "हातातली कात्री बघा, मग ठरवा." पुढे, दर्शनी काच असलेल्या दुकानात तिची नणंद बसायची. मास्तरची लेक तिला आत्या म्हणे, म्हणून गिऱ्हाइकंही आत्याच म्हणत, आणि खुद्द वहिनीच्या तोंडीही तेच बसलं होतं.

त्या दुपारी एक गिऱ्हाईक फाटका तंबू घेऊन आलं. दुसरीकडून घेतलेला, हलक्या कापडाचा. खुंटीपासून शेंड्यापर्यंत उभा चिरलेला. "वारा सुटला आणि गेला बिचारा," तो म्हणाला. तंबूबद्दल नव्हे, एखाद्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं. मास्तरने तो ठेवून घेतला आणि चिरलेली कड पुन्हा पुन्हा बोटांनी चाचपली. लेकीसाठी तिने शिवलेला तंबूही हलक्याच कापडाचा होता, आणि लेक संध्याकाळच्या गाडीने आठ दिवसांसाठी डोंगरावर निघाली होती.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डोंगर चढायला हरकत नाही, पण पाठीवर ओझं बेताचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेहमीच्या जाड कापडाचा तंबू साडेतीन किलो भरतो. हा सव्वा किलो. म्हणजे हा तंबू नाही तर डोंगरही नाही. दोन वर्षं पोरीने भिंतीला धरून व्यायाम केला होता, चिडली होती, रडली होती, पुन्हा भिंतीला धरलं होतं.

"आत्या, त्या हलक्या राखाडी कापडाचा तुकडा द्या मला," मास्तर म्हणाली.

"आत्ता? ते कापड संपलंय ना?"

"वीतभर पुरे. लेंगा करायचाय."

लेंगा म्हणजे मास्तरची स्वतःची युक्ती. कापडाची पट्टी घ्यायची, खालून मधोमध निम्म्यापर्यंत कात्री चालवायची, की दोन पाय होतात. एक पाय वरच्या आकड्याला बांधायचा, दुसऱ्याला बादली. मग मापाने पाणी ओतत जायचं. चीर कितव्या लिटरला वर धावते, ती त्या कापडाची ताकद. कारण तंबू काही ताणून मरत नाही. काट्याने बारीकसं भोक पडतं आणि तिथून मरतो.

आधी तिने जाड कापडाचा लेंगा टांगला. दोन लिटर गेले आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला चर्र झालं. मग आत्याने आणलेला तुकडा. मास्तरने अर्धा लिटर ओतलं. आणखी थोडं. लिटर पुरा व्हायच्या आत कापड फाटलं, बादली आपटली आणि दोघींचे पाय भिजले.

"झालं," आत्या म्हणाली. "आता सांगणार कोण?"

"मी शिवलाय. मीच सांगणार."

तेवढ्यात लेक आली, पाठीवर रिकामी सॅक, केस बांधलेले, चेहरा उजळलेला. तो चेहरा बघून मास्तरने सांगायचं ते उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसली असती तर जमलं नसतं.

लेकीने सॅक खाली ठेवली. मग म्हणाली, "जाड कापड तरी कुठे मोठं पहिलवान निघालं?"

"त्याने दोन लिटर पेललं. याने एकही नाही."

"बघू तो तुकडा." तिने फाटलेली पट्टी उचलली, कपाटावरून तंबू काढला आणि पट्टी त्यावर ठेवली. ठेवली आणि तशीच बघत राहिली. "आई, रंग बघ. ही पट्टी पार विटलीय."

"एकाच ताग्यातलं आहे ते. मी स्वतः कापलंय."

लेकीने पट्टीची कड चिमटीत चुरगाळली. बोटांना बारीक भुकटी लागली. "आत्या, हा तुकडा कुठून आणलास?"

"दर्शनी काचेतून. नमुना टांगलेला असतो ना तिथे, तो." आत्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "तीन उन्हाळे झाले असतील."

मास्तरने कपाळाला हात लावला. तंबू उन्हात टाकून ठेवू नका, ऊन कापड खातं, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला घसा कोरडा होईस्तोवर सांगत असे. म्हणजे लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

"पण ताजा तुकडा नाहीये कुठेच," ती म्हणाली. "आणि बघितल्याशिवाय मी तुला सोडायची नाही."

"तंबूची पिशवी त्याच कापडाची आहे. काप ती."

"अन् तंबू कशात नेशील?"

"उशीच्या खोळीत. काप."

मास्तरने कापली. या वेळी बादली लेकीने बांधली, पाणी आत्याने ओतलं आणि मास्तर नुसती चिरेच्या टोकाकडे बघत उभी राहिली. एक. दोन. "जाडूबाई इथेच गेल्या होत्या," आत्या पुटपुटली. तीन. चार. चिरेच्या टोकाशी धागे एकमेकांवर सरकत गोळा झाले होते, वळलेल्या दोरीसारखे. एकटा कुणी तुटायला तयार नव्हता. जाड कापडात पाणी अडवणाऱ्या लेपाने धागे जागच्या जागी चिकटलेले असतात, म्हणून एकेक गाठून मारले जातात. इथे लेप गुळगुळीत, म्हणून धागे सरकून एकत्र भार घेतात. मास्तर वीस वर्षं लोकांना जाड ते दणकट असं सांगत आली होती.

साडेसहाव्या लिटरला कापड फाटलं, तेही कुरकुरत, एकेक बोट.

मास्तर स्टुलावर बसली. जीव भांड्यात पडला असं म्हणतात. तिला वाटलं, तो बादलीत पडला आणि बादली तुडुंब भरली. हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते.

"मग जाऊ ना?" लेकीने विचारलं.

"जा. मी कोण अडवणारी? पाणीच म्हणतंय जा."

खोळीत कोंबलेला तंबू सॅकमध्ये गेला. लेकीने आत्याचा गाल ओढला, आईच्या खांद्यावर क्षणभर हनुवटी टेकली आणि निघाली. जिन्यावर तिची पावलं वाजत गेली, दोन्ही सारखी. मास्तरने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली.

"वहिनी," आत्या म्हणाली, "सकाळपासून डबा उघडला नाहीस तू."

"उघडा," मास्तर म्हणाली. "पण आधी ती फरशी पुसू, नाहीतर गुडघ्याचं पुढचं ऑपरेशन माझं."