दहापैकी सहा

सोमवार.

"दुखणं किती, मास्तर? दहापैकी?"

"सहा."

सिस्टरने वहीत लिहिलं. सहा.

कॅन्सरच्या पेशंटला घरी जाऊन बघायचं, हे तिचं काम. दिवसाला पाच घरं, मास्तरांचं तिसरं. रोग हाडांत उतरलेला. कूस बदलायची, पाठीवरची जखम धुवायची, ओल्या कापसाने ओठ पुसायचे, मग आकडा विचारायचा. वहीच्या पहिल्याच पानावर डॉक्टरांची सूचना: सात किंवा त्यावर गेलं तर मॉर्फिनचा वाढीव डोस. सहापर्यंत आहे तेच.

मंगळवार. सहा.

बुधवार. सहा. मास्तरांच्या मुठीत चादरीचा बोळा. तो तिला दिसला. पण आकडा तो आकडा.

पूर्वी असल्या घरातून तिचा पाय निघत नसे. आता निघतो. चप्पल सापडते, जिना उतरून होतो, चौथ्या घराची बेल वाजते. तिच्या आत ढिम्म काही हलत नाही.

गुरुवार. सहा. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. सहा, सहा, सहा, सहा, सहा, सहा.

गुरुवार. सहा. अकरावा.

हात पुसायला ती स्वयंपाकघरात गेली. काकू चहा गाळत होत्या.

"बरं आहे हो काकू, आकडा वर जात नाही."

"कुणाचा? यांचा?" काकूंनी गाळणं आपटलं. "अहो, पोटच्या पोरीला या माणसाने शाळेत निबंधाला दहापैकी साडेपाच दिले होते! दोन दिवस जेवली नाही ती."

"मग जास्तीत जास्त किती द्यायचे?"

"सहा. तेही तीस वर्षांत एकालाच."

सिस्टरने टॉवेल दांडीवर टाकला. तो खाली पडला. तिने उचलला, पुन्हा टाकला, आणि खोलीत परतली.

"मास्तर, सात का देत नाही तुम्ही?"

"सात दिले..." मास्तर थांबले. श्वास घेतला. "...की सुधारायला जागा उरत नाही."

"दुखण्याला अजून सुधारायचंय?"

मास्तर हसायला गेले. हसू अर्ध्यावर मोडलं, मूठ आवळली.

"आज पेपर मी तपासते," ती म्हणाली. मूठ पाहिली. कपाळावरचा घाम पाहिला. एका श्वासात किती शब्द मावतात ते मोजलं: जेमतेम पाच. लिहिलं: नऊ.

"फार झाले," मास्तर.

"फेरतपासणी नाही."

तिने डॉक्टरांना फोन केला. डोस दिला. वहीत खाडाखोड चालत नाही, म्हणून अकराच्या अकरा सहा जिथल्या तिथे राहिले. खाली तिने लिहिलं, 'समजण्यात माझी चूक', आणि सही केली.

अर्ध्या तासाने मूठ सुटली. चादर चुरगळलेलीच राहिली. काकू दारात उभ्या, पदर तोंडाशी.

"सिस्टर," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले, "साडेपाच."

"काय?"

"तुम्हाला. अर्धा गुण उशिराचा कापला."

काकूंना हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम. सिस्टरने बॅग आवरली.

काहीतरी वाटायला हवं होतं. जिन्याच्या वळणावर ती त्यासाठी थांबली. खालून कुणीतरी भाजीची पिशवी घेऊन वर येत होतं. तिने अंग चोरून वाट दिली.

किती? दहापैकी? तिने स्वतःला विचारलं.

ती उतरत राहिली. चौथं घर. बेल.