आमसुलाने घासलेला बाजा

मी एक जुना पितळी बाजा आहे, मित्रांनो. माझे साहेबी नाव कॉर्नेट. पण आमच्या जयगडात त्या नावाने मला कोणी हाक मारली नाही. सारे म्हणत, 'गंगारामाचा भोंगा'. आधी राग यायचा, मग सवय झाली.

जन्म विलायतेचा. मुंबईच्या एका हॉटेलात पेद्रू नावाचा गोयंकार मला वाजवी. जॅझ हे तेव्हा नवेच संगीत होते. एकाने सूर टाकायचा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे, ही त्यातली गंमत. तिथे बश्या धुणारा गंगाराम दाराआडून कान देऊन ऐके. पेद्रूने त्याला शिकवले आणि स्वतः नवा बाजा घेतल्यावर मला त्याच्या हवाली केले.

१९२९ च्या शिमग्याला आम्ही आगबोटीने गावी आलो. धोंडूचा मृदंग, सदूची सनई आणि मी, असा आमचा ताफा जमला. शिमग्यातल्या नमन-खेळ्यांच्या चाली मी जॅझच्या ढंगाने वळवी, आणि मृदंग मला पकडायला धावे. काय मजा यायची! पण देवीच्या पालखीपुढे साहेबाचा भोंगा गावकऱ्यांना नको होता. अखेर मानकरी भागोजी म्हणाले, "पालखी सहाणेवर बसली की एकदा वाजवून दाव. गावाला रुचला तर दरसाल वाजव. नायतर मुंबयला परत ने."

पालखी सहाणेवर बसायच्या दिवशी सकाळी गंगारामाच्या बायकोने, येसूबाईने, मला अंगणात घेतले. नवरा देवीपुढे वाजवणार, मग बाजा कसा झळकायला हवा! देवाची समई घासतात तसे तिने मला आमसूल आणि राख लावून आतबाहेर घासले. मी सोन्यासारखा चमकलो खरा, पण राख माझ्या सूर बदलणाऱ्या तिन्ही कळांत शिरली.

सहाणेपाशी, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यापाशी, गंगारामाने कळ दाबली. हलेना. दुसरी, तिसरी, एकही हलेना. कळांवाचून माझ्यापाशी उरतात मोजकेच सूर.

"अवो, काय झाला?" येसूबाईने विचारले.

"कळा अडकल्या."

"मीच घासला राखेनं..." तिचे डोळे भरून आले.

आता हा ओरडणार, असे मला वाटले. गंगारामाने तिची राखेने काळी पडलेली बोटे पाहिली. "कसा लखलखतोय बघ," एवढेच तो म्हणाला. त्या क्षणी मला तो फार आवडला.

इतक्यात गुरवाने गाऱ्हाणे घातले. "जी लेकरा पोटासाठी मुंबयला गेली, त्यांना सुखी ठेव गे माये!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

गंगारामाने मला ओठांना लावले. उरलेल्या सुरांत त्याने तेच उत्तर दिले. व्हय म्हाराजा! पुढच्या मागण्याला पुन्हा तेच, थोडे वळवून. सनई मागे आली, मृदंग घुमला. ज्यांची मुले मुंबईत होती त्या बाया पदराने डोळे पुसू लागल्या.

गाऱ्हाणे संपल्यावर भागोजी उठले. "भोंगा गावचा झाला," ते म्हणाले. पुढे कितीतरी शिमगे मी वाजलो.

आता गंगाराम नाही, तापाने गेला. आमचा ताफा पांगला आणि मी खुंटीवर आलो. मित्रांनो, वस्तू चकचकीत जरूर ठेवा, पण तिचा जीव कशात आहे तेही विचारा. माझा जीव फुंकरीत आहे.

शिमगा आला की येसूबाई मला खाली काढते. आमसुलाला हात लावत नाही; एकेका कळेत तेलाचा थेंब सोडते. मग इकडेतिकडे बघून मला हळूच फुंकते. सूर निघत नाही, नुसती हवा. तेव्हा ती स्वतःच पुटपुटते, "व्हय म्हाराजा."